भोंग्याच्या जागी शंख

माझ्याकडे हल्ली गाणारी-वाजवणारी मुलं येतात. कोणाचं गाणं नाव न घालता कुठल्यातरी कंपनीनं लावलेलं असतं, कोणाची चाल जाहिरातीत जाऊन बसलेली असते, कोणी न वाचताच सही करून आलेलं असतं. मी विचारते, "सही करायच्या आधी कोणाला दाखवलं होतं?" उत्तर ठरलेलं. "मॅडम, मॅनेजर बोलला ना, सब क्लियर है."

'क्लियर' हा शब्द कानावर पडला की मला वसंत धारकर दिसतो. बदामी सफारी, खिशाला दोन पेनं, केसांना इतकं तेल की माशी बसली तर घसरेल. बगलेत दाढीच्या सामानाची डबी. तिच्यात ब्रश नसे, रबरी शिक्का असे: 'सर्व हक्क सुरक्षित'.

तोंडावर मी त्याला काका म्हणत असे. इथं 'तो' म्हणणार आहे. वयाचा मान मी पुष्कळ दिला, अकलेचा देणं जमलं नाही.

माझे वडील मिलमध्ये मागावर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.कॉम. केलं, मग एलएल.बी., आणि इंदुरात तुकोगंजमध्ये एका वकिलांच्या हाताखाली बसू लागले. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही, कारण ते फुकट मिळालेलं नाही. म्हणून कायद्याचं एक पान न उलटता कायद्यावर दुकान थाटणाऱ्याचा मला राग येतो. तो राग मी धारकरवरच शिकले म्हणा ना.

मिल चालू होती तेव्हा धारकर टाइम ऑफिसात कारकून होता. भोंगा झाल्यावर कामगार आत आला की हा खिडकीतून मान बाहेर काढायचा आणि भिंतीवरच्या नोटिशीकडे बोट करायचा. "कलम एकसष्ट! कामाच्या वेळा लिहून लावल्यात. वाचता येत नसेल तर माझ्याकडून ऐका." कारखाना कायद्यातलं तेवढं एकच कलम त्याला पाठ होतं, कारण ते त्याच्या डोक्यावर टांगलेलं होतं. बायकोशी भांडण झालं तरी तो कलम एकसष्टच सांगत असेल, असं वडील म्हणायचे.

याशिवाय तो मिलच्या गणेशोत्सव समितीचा सेक्रेटरी होता. इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या निघतात हे सांगायला नको. दिव्यांनी लखलखलेले चित्ररथ, हलते देव, हलते राक्षस, आणि सगळं शहर रस्त्यावर. आमच्या झांकीचं वेगळेपण एवढंच की आमच्या गाडीवर रेकॉर्ड वाजत नसे. कमलमावशी गायची.

कमलमावशी आमच्या शेजारची. वायंडिंग खात्यात नळ्यांवर सूत गुंडाळायची. गाणी ती स्वतःच रचायची, चालही तीच लावायची, आणि मिलच्या साच्यांच्या खडखडाटाच्या वर आवाज काढून हाक मारायची सवय असल्यामुळं तिला माइक लागत नसे. तिचं एक गाणं तर चाळीतल्या पोराटोरांना पाठ होतं:

भोंगा झाला, गणराया, चला आता पाळीला,
तुटलं सूत जोडून द्या, सोंड लावा नळीला.

रिवाज असा की झांकीवर गाणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. गाणं गणपतीला वाहिलेलं. माइकवर सेक्रेटरी फक्त म्हणणार, "मिल के कामगारों की सादर प्रस्तुति!" यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मावशीलाही नाही. गाणारी कोण ते सगळ्या शहराला दिसत होतं.

मग मिल बंद पडली. पेपरात बाजार खुला झाल्याच्या बातम्या येत होत्या आणि आमच्या चाळीत कोणी रिक्षा चालवायला घेतली, कोणी पोह्याची गाडी लावली, कोणी नुसतंच ओट्यावर बसायला लागलं. थकबाकीची केस कोर्टात जाऊन पडली. धारकरनं मात्र सफारी उतरवली नाही. भोंगा बंद झाला तरी तो भोंग्याच्या वेळेला घरातून निघायचा. स्नेहलतागंजात एका शिंप्याच्या दुकानावर त्याने खोली घेतली आणि पाटी लावली: 'धारकर म्युझिक मॅनेजमेंट. ऑर्केस्ट्रा, कॅसेट, कायदेशीर सल्ला.'

त्या दिवसांत कॅसेटचा धंदा जोरात होता. गल्लीगल्लीत कोणी भजनं भरत होतं, कोणी माळवी गाणी, कोणी चुटकुले. गाणाऱ्यांना सही कुठं करायची एवढंच विचारायचं असे, आणि धारकर ते छातीठोकपणे सांगत असे.

त्याच्या वकिलीचा नमुना म्हणून मुन्नाचा करार सांगते. मुन्ना ऑर्केस्ट्रात बाईच्या आणि पुरुषाच्या दोन्ही आवाजांत गायचा. धारकरनं त्याच्याशी करार केला. त्यात गाणं कोणाच्या मालकीचं, रेकॉर्डिंग झालं तर त्याचं काय, कार्यक्रम रद्द झाला तर काय, यातलं एक अक्षर नव्हतं. एक अट मात्र होती: 'गायकाने कार्यक्रमाच्या आठवड्यात दही, बर्फ व इमली खाऊ नये. सर्दी झाल्यास करारभंग समजण्यात येईल.' इंदुरात राहणाऱ्या माणसाला ही अट! एका संध्याकाळी धारकरनं त्याला चाटच्या गाडीवर पकडलं.

"मुन्ना! ये क्या है? दहीवडा! करारभंग!"

मुन्ना खाता खाता म्हणाला, "साब, दही तो नाम का है. आप खुद चख लो."

धारकरनं चाखला. चाखता चाखता पूर्ण खाल्ला. मग ओठ पुसून म्हणाला, "ठीक आहे. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर यात वडा प्रधान आहे." आणि करार शाबूत राहिला.

दुसरा किस्सा वरातीचा. त्याच्या पाटीखालून एक वरात चालली होती. बँडवाले सिनेमाचं गाणं वाजवत होते. हा जिना उतरून थेट घोडीपुढं उभा राहिला, हात वर करून. "रुको! इस गाने की परमिशन किधर है?"

बँडमास्तरनं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "भिया, बाप-दादा के टैम से बजा रिये हैं. आज तक किसी ने नी पूछा."

"पूछा नहीं, इसीलिए तो पूछ रहा हूँ. कॉपीराइट मालूम है?"

"अपन को तो घोडी मालूम है, साब. ये ज्यादा देर खडी नी रैती."

आणि राहिली नाहीच. घोडी पुढं सरकली, धारकर मागं सरकला, नवरदेवाच्या काकांनी त्याच्या डोक्यावर फेटा चढवला, आणि कोपऱ्यापर्यंत तो त्याच गाण्यावर नाचत गेला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, "काका, कायद्यात दुरुस्ती झालीये. लग्नसमारंभाला सूट आहे."

"लग्नाला असेल. वरात रस्त्यावर होती."

"वरातसुद्धा लिहिलीये त्यात. शब्द आहे."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"मग ती इंग्लंडच्या वरातीला," असं म्हणून त्यानं डबी उघडली आणि कुठल्यातरी कागदावर शिक्का मारून त्यावर फुंकर घातली. शिक्का मारला की तो नेहमी फुंकर घालायचा, जणू पोरगं पडलंय आणि त्याच्या गुडघ्याला लागलंय. शिक्का तो कशावरही मारायचा. कार्यक्रमपत्रिकेवर, तबल्याच्या खोळीवर, एकदा तर साखरपुड्याच्या निमंत्रणावर. सर्व हक्क सुरक्षित. कोणाचे हक्क, कोणापासून सुरक्षित, हे शिक्क्यावर नव्हतं आणि त्याच्या डोक्यातही नव्हतं.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं नाही.

मिल बंद झाल्यावर झांकी निघणार नाही असं सगळे धरून चालले होते. धारकर एकटा म्हणाला, निघेल. आणि त्याने काढलीसुद्धा. दारोदार फिरला, व्यापाऱ्यांच्या गाद्यांपुढं उभा राहिला, नको ते ऐकून घेतलं. एवढं श्रेय मी त्याचं नाकारत नाही. ते नाकारलं तर हे लिहिणं खोटं होईल. पण पुढच्या वर्षी दारं मिटायला लागली, तेव्हा एक कॅसेट कंपनी पुढं आली. ट्रक, जनरेटर, दिवे, सगळं देते म्हणाली. मोबदल्यात झांकीची गाणी. होळीला धारकरनं मान डोलावली, शिक्का मारला, फुंकर घातली. कमलमावशीला त्यानं विचारलंसुद्धा नाही.

मावशीला कळलं ते पानाच्या ठेल्यापाशी. भाजीची थैली हातात घेऊन ती घरी येत होती आणि ठेल्यावर तिचं गाणं लागलेलं. गळा दुसऱ्या कोणाचा, नाजूक, शिकलेला. आणि शब्द: 'शंख झाला, गणराया…'

ती आमच्या घरी आली तेव्हा थैलीतली मेथी तिनं मुठीत चुरगळून टाकलेली होती. "शंख!" ती म्हणाली. "आपल्या मिलमध्ये शंख कोण वाजवत होतं गं? त्या वश्या धारकरचा बाप?"

मी कॅसेट विकत आणली. कव्हरवर आमच्या गणपतीचा फोटो, त्या नव्या गायिकेचा फोटो, आणि खाली 'संकल्पना: वसंत धारकर'. कमल हे नाव कुठं नाही. मावशी अक्षरं लावून लावून वाचत होती. दुसऱ्यांदा वाचलं, मग कव्हर उलटं करून बघितलं, मागं असेल म्हणून.

मी तिला समजावलं. गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याचे. चाल लावणाऱ्याची. गाणाऱ्याचा हक्क त्याच्या गाण्यापुरता. रेकॉर्ड भरली त्याचा हक्क भरणाऱ्याचा, पण तो फक्त त्या रेकॉर्डवर. शब्द आणि चाल दुसऱ्याला द्यायची तर लेखी द्यावी लागते, ज्याची आहे त्यानं सही करून. आणि सगळं देऊन टाकलं तरी 'हे मी केलं' म्हणायचा हक्क उरतो, आणि आपलं काम कोणी बिघडवलं तर बोलायचाही. ते कलम सत्तावन.

मावशी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मिलच्या उलटं. तिथं इतकं सूत गुंडाळलं, एक धागा माझा नव्हता."

त्याच संध्याकाळी धारकरचा निरोप आला: यंदा गाडीवर कॅसेट वाजेल. राइट्स कंपनीचे आहेत, कमलबाईंनी गाऊ नये. मिल गेली तेव्हा मावशी रडली नव्हती. हा निरोप ऐकून ती चुलीपुढं आमच्याकडे पाठ करून बसली. वर्षातला तो एक दिवस तिचा होता. बाकीचे दिवस आता ती लोकांची धुणी-भांडी करत होती.

रविवारी दुपारी मिलच्या गेटपाशी मांडवात बैठक झाली. चाळीतले लोक, कंपनीचा एक तरुण माणूस, आणि मध्यभागी सफारी. धारकर उभा राहिला.

"कायद्याच्या भाषेत बोलायचं तर," तो म्हणाला, "गाणं कमलबाईंनी गणपतीला वाहिलं. वाहिलं म्हणजे दिलं. आता ते गणपतीचं. आणि देव हा कायद्यानं अज्ञान बालक असतो. हे मी नाही म्हणत, कोर्ट म्हणतं. बालकाची मिल्कियत कोण सांभाळतो? पालक. समितीचा सेक्रेटरी म्हणून पालक मी. मी ती कंपनीला दिली. क्लियर आहे!"

मांडवातल्या दोघातिघांच्या माना डोलल्या. कारण हे अर्धं खरं आहे. देवळातल्या प्रतिष्ठापना केलेल्या देवाला कायदा असाच मानतो, त्याच्या नावावर जमिनी असतात, त्याच्यातर्फे खटले चालतात. धारकरनं ते कुठंतरी ऐकलं होतं आणि मातीच्या, दहा दिवसांच्या गणपतीला नेऊन चिकटवलं होतं. मी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मावशी पदर खोचून उठली.

"वश्या, एक सांग. मागल्या चतुर्दशीला गणपती पाण्यात कोणी सोडला?"

"मी. म्हणजे समितीनं. विधिपूर्वक."

"पुढच्या वर्षी लवकर या म्हणून सांगितलंस?"

"अर्थात."

"म्हणजे तो गेला. तुझ्या हातानं गेला. आणि कंपनीला सही कधी केलीस, होळीला ना? मग तेव्हा तू कोणाचा पालक होतास रे? पाण्यातल्या मातीचा?"

हसू मागच्या रांगेतून सुरू झालं आणि पुढं येत येत मांडवभर झालं. कोणीतरी ओरडलं, "लडका डुबा के वसीयत ले आए, साब!" धारकरचे कान लाल झाले. त्यानं डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "कलम एकसष्ट…" असं काहीतरी तो पुटपुटला, आणि हसू दुप्पट झालं.

कंपनीचा माणूस हसला नाही. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "बाई की साइन चाहिए थी क्या?"

"चाहिए थी," मी म्हणाले.

तो धारकरकडं बघून म्हणाला, "सर, आप तो बोले थे सब क्लियर है." मग मावशीला हात जोडले. "अम्माजी, अभी साइन कर दो. कुछ न कुछ कर देंगे."

"नाव घाल," मावशी म्हणाली. "शंख काढ, भोंगा घाल. आणि गाडीवर मी गाणार. मग करते सही. मला आधी विचारलं असतं ना, तर झांकीसाठी म्हणून नुसतं तोंडानं दिलं असतं."

शेवटचं वाक्य तिनं कंपनीच्या माणसाला नाही, धारकरला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. तो म्हणाला, "कमलबाई, हट्ट करू नका. कव्हरं छापून झालीयेत."

कव्हरं छापून झाली होती हे खरंच होतं. ती तशीच विकली गेली. मावशीनं सही केली नाही, आणि कंपनीनं ट्रक परत नेला.

झांकी निघाली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. चाळीतला एक जण गावाकडून ती घेऊन आला होता, तिला अजून भुसा चिकटलेला होता. दिवे थोडेच, राक्षसाचा एकच हात हलत होता. दिवेलागणीला मावशी ट्रॉलीवर चढली आणि तिनं गाणं उचललं. भोंगा झाला, गणराया. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बंद मिलांचे लोक उभे होते, आणि 'भोंगा' म्हटल्याबरोबर त्यांतले काही जण खरोखरच दचकले.

धारकर पुढं चालत होता, हातात भोंपू. प्रत्येक चौकात तो ओरडत होता, "मिल के कामगारों की सादर प्रस्तुति!" सगळी चाळ वाट बघत होती. यंदा तरी नाव घेईल. तेवढं केलं असतं तरी लोकांनी मागचं सोडून दिलं असतं. शेवटच्या चौकापर्यंत त्यानं नाव घेतलं नाही.

मी मावशीला म्हटलं, कंपनीवर केस करू. ती म्हणाली, "मिलच्या केसचं काय झालं बघतेस ना? मला गाणी करायची आहेत बाई, तारखा नाही करायच्या." झांक्या पुढंही निघत राहिल्या, ती पुढंही गात राहिली. एका वर्षी गाडीवर तिची जागा रिकामी दिसली, कारण त्या उन्हाळ्यात ती गेली होती. तिच्या तेराव्याला धारकर आला होता. भिंतीशी बसला, जेवला, उठून गेला. सफारी होतीच. डबी नव्हती.

त्याचं दुकान मावशी जायच्या आधीच बसलं होतं. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, शिंप्यानं खोली परत घेतली.

त्याला शेवटचं बघितलं ते इंदुरातल्याच लालबागच्या मेळ्यात. मी मुलीला घेऊन गेले होते. पाळण्यांच्या बाजूला एका मंडपात लाउडस्पीकरवर देवाची गाणी लागली होती, आणि त्यांत एकदम तो नाजूक, शिकलेला गळा आला. 'शंख झाला, गणराया…' मी थांबले. साउंडवाल्याच्या टेबलाशी एक म्हातारा वाद घालत होता. बदामी सफारी अंगावर लोंबत होती, केसांना तेल नव्हतं.

"शंख नहीं है वो," तो म्हणत होता. "भोंगा है. भोंगा! और बाई का नाम बोलो माइक पे. कमलबाई. शब्द उनके, चाल उनकी."

"दादा, अपन ने थोडी गाया है," साउंडवाला म्हणाला. "अपन तो बजा रिये हैं."

"बजा रहे हो तो नाम बोलना पडेगा! कायद्याच्या भाषेत बोलायचं तर…"

साउंडवाल्यानं आवाज वाढवला. म्हातारा हलला नाही. त्यानं टेबलावर हात आपटला, मान उंच केली आणि गाण्याच्या वर आवाज काढायचा प्रयत्न केला. टाइम ऑफिसच्या खिडकीतून काढायचा, तसाच. आजूबाजूचे लोक हसायला लागले. माझ्या मुलीनं विचारलं, "आई, ते आजोबा कोणावर चिडलेत?"

मी पुढं झाले नाही. का नाही झाले ते मलाही सांगता येत नाही. त्या वर्षी चौकाचौकांत त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं, आणि तेव्हा ऐकायला ती ट्रॉलीवर उभी होती. हे त्याला माफ करणं मला आजही जमत नाही.

आयुष्यात एकदाच कायदा, ते कलम सत्तावन, त्याच्या बाजूनं होता. तो बोट वर करून ओरडत होता, "कलम एकसष्ट! कलम एकसष्ट!"